पार्वतव्वाचा कापूस

तवा तितं कोण कोण हुतं ते आदी सांगते, म्हंजे मागनं गोंदळ नको. पार्वतव्वा हुती, घर तिचं. तिची सून गौरव्वा हुती, कायम दाराआड. कामाला मी, शेवंता, आन् माज्या शेजारी नरसम्मा, ती तेलगू, विणकराच्या घरातली. बरण्या-बाटल्या आणून टाकणारा हुसेनचाचा हुता, गिरणीतल्या गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर सैपाक करायचा. आन् माजी लेक तानी हुती, पाटीत निजलेली. तिला माणसात धरा न्हायतर नका धरू. एवडीच माणसं. त्यातली आता मी हाय आन् तानी हाय. बाकी कुणी ऱ्हायलं न्हाय, तवा खोटं बोलून मला कुणाकडनं काय मिळायचं न्हाय.

पार्वतव्वा शेंगाची चटणी आन् लिंबाचं लोणचं करून इकायची. काचंच्या बरणीत. सोलापुरात तवा चटणी काय, घराघरात कुटायची. मग हिचीच का घ्यायची लोकं? तर हिच्या सोवळ्यापायी. जी घरं कुणाच्या हातचं पाणी पीत न्हवती ती हिची चटणी पानात वाडून घ्यायची. हिरवं इरकल नेसायची, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला इबूत. चालली की लोकं बाजूला व्हायची. मी बी व्हायची. लई दिवस मला वाटायचं की ही कुणी मोटी बाई हाय.

आमी मंद्रूपाकडचं धनगर. पाऊस पडना, मेंढरं बसल्या जागी मेली, तसं शहरात आलो. मालक गिरणीत बदलीवर लागलं. सकाळी फाटकावर जाऊन हुबं ऱ्हायाचं, कुणी आलं न्हाय तर ह्येंना आत घेणार. बहुतेकदा माणसं यायची. ह्ये माघारी यायचे आन् भिताडाकडं तोंड करून निजायचे. म्हणून मी काम बगितलं. नरसम्मा आमच्या बोळात ऱ्हायची, ती म्हणली, "अक्का, बरण्या घासायचं हाय. येतीस का?" मी म्हणलं, घासायचंच हाय की. मेंढरं धुतली, बरण्यांचं काय.

पर त्या बरण्या घासायच्या न्हवत्या. त्येंच्यावरचा कागद काडायचा हुता. आन् कागदाखालचा डिंक.

सायबाच्या बंगल्यावर काय काय यायचं बोटीनं, मुरंबं, मासं, दारू, कसलं कसलं मांस. खाऊन झालं की रिकामी काच हुसेनचाचा पोत्यात भरून पार्वतव्वाच्या मागल्या दारी आणायचा. फुडल्या दारी तिनं त्येला कदी हुबं केलं न्हाय. प्रत्येक बरणीवर रंगीत कागद, त्येच्यावर चित्र. आमाला वाचाय येत न्हवतं, चित्रावरनं कळायचं आत काय हुतं. नासपती. गाय. मासा. येका बरणीवर डुक्कर हुतं, गुलाबी, हसणारं.

तर पार्वतव्वानं काय नेम केला हुता, ऐका. बरणी पोत्यातनं काडायची ती डोळं मिटून. चित्र खाली करून दगडी डोणीत ठेवायची, राखंच्या पाण्यात. रातभर. "चित्राकडं कुणी बगायचं न्हाय," म्हणायची. "धरणीनं बगितलं तर बगू दे. आपण बगितलं न्हाय म्हंजे आपल्याला ठावं न्हाय." आसं ती लई गंभीर तोंडानं म्हणायची. देवळात म्हणावं तसं. पयल्या दिवशी मला हसू आलं तर तिनं माज्याकडं असं बगितलं, जसं मी काय घाण केली.

नरसम्मा हळूच इचारायची, "अक्का, काय हाय तुज्या बरणीवर?"

"मासा."

"माज्यावर बी मासा. नवरा-बायको हायत वाटतं."

आन् पार्वतव्वा वसरीवरनं वरडायची, "काय चाललंय?"

"राख संपली, अव्वा."

सकाळी कागद फुगून यायचा. नखानं सोलायचा. कागद जायाचा, पर डिंक न्हाय जायाचा. तो साधा डिंक न्हवं, सरस हुता. जनावराची हाडं-कातडी शिजवून करत्यात तो. गार पाण्यात लिबलिबीत व्हायाचा, हातातनं निसटायचा, आन् जरा वाळला की परत काचंला कातडीवानी धरायचा. मग ईटकरीची भुकटी आन् काथ्या घिऊन घासायचं. तरी चिकट ऱ्हायलंच तर करडईचं तेल, ते बी पार्वतव्वा स्वोता येऊन बोटाच्या टोकावरनं थेंब सोडणार, वरनं, माज्या हाताला तिचं बोट लागू न देता. तेलावर राख, परत घासायचं. थंडीत, गड्ड्याच्या जत्रंच्या आदी, काम लई असायचं. डोणीतलं पाणी हाडात जायाचं. बोटाची पेरं उलायची. घरी जाऊन भाकरी थापताना पिटातलं मीट त्या चिरात शिरायचं, तवा मी तोंडातनं आवाज काडत न्हवते, मालकास्नी कळंल म्हणून.

येकदा माज्या बोटाचं रगात बरणीला लागलं. पार्वतव्वानं बगितलं. मला वाटलं, आता ही हळद तरी दील. ती म्हणली, "बाटली की ग काच! परत पयल्यापासनं घास."

आता तिचा कापूस सांगते. शहरात गिरण्या, कापसाला काय तोटा. वाऱ्यावर उडायचा, केसात बसायचा. पार्वतव्वाच्या कनवटीला कायम येक पुंजका असायचा, पांडरा सपेत. आमी बरण्या उनात वाळवून वळीनं मांडल्या की ती यायची. बरणी हातात घ्यायची न्हाय, मला धराय लावायची. आन् तो पुंजका काचंवरनं फिरवायची, हळू, लेकराच्या गालावरनं फिरवावा तसा. जितं सरस ऱ्हायला असंल तितं कापसाचं तंतू धरायचे. येक जरी तंतू धरला की ती लगीच म्हणायची, "अंटैति!" म्हंजे कानडीत, चिकट हाय. आन् ती बरणी परत डोणीत. मी म्हणायची, अव्वा, दिसत तर काय न्हाय. ती म्हणायची, "तुजं डोळं खोटं बोलतील. कापूस खोटं बोलत न्हाय."

तिला खरंच वाटायचं, की तेवडा येक तंतू धरला न्हाय म्हंजे ती बरणी शुद. डुकराचं मांस तिच्यात हुतं ते कुटं गेलं? ते धरणीनं बगितलं हुतं.

मठातलं येक म्हातारं अय्या तिच्याकडं यायचे. साधा माणूस. त्येंच्यासाटी तिनं सगळ्यात चकचकीत बरणी निवडली, चटणी भरली, वर फूल ठेवलं. नरसम्मानं मला चिमटा काडला. मी बगितलं. तीच बरणी, जिच्यावर गुलाबी डुक्कर हसत हुतं. म्याच सोलली हुती. अय्या म्हणले, "पार्वतव्वा, काच काय चकाकतीया! कुणी घासली?"

पार्वतव्वानं डोक्यावरचा पदर सारका केला, म्हणली, "मीच की अय्या. दुसऱ्याच्या हाताचा काय भरोसा."

आमी भिताडामागं हुतो. नरसम्मा तोंडात पदर कोंबून हसत हुती. मी हसले न्हाय. माजी बोटं तवा मिटत न्हवती.

ह्या बाईनं आमाला मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय, हे बी सांगितलं पायजे. दुपारची भाकरी द्यायची. वरनं टाकायची, पर द्यायची. बस. एवडंच तिच्या बाजूचं. ह्येच्यापरीस जादा मला आटवत न्हाय, आन् मी आटवायचा यत्न केलाय.

तानीचा कान फुटला ती थंडीचीच गोष्ट. पू यायचा, आन् मग ताप चडला. आंग असं तापलं की पाटीतलं चिंध्याचं अंथरूण गरम व्हायाचं. दोन डोळं उगडं, पर बगत न्हवती. मी तिला कडंवर घेतली आन् सरकारी दवाखान्यात गेले. डाक्टरनं बगितलं, चिट्टी दिली, खिडकीकडं बोट केलं. खिडकीत कंपौंडर हुता, चष्मा लावून.

"बाटली कुठंय?"

मला ठावं हुतं भांडं लागतंय. मी तांब्या नेला हुता. घासून नेला हुता.

"तांब्या नको. ह्यात हे औषध कळकतं, पोरीला विष होईल. काचेची बाटली आण. साफ पाहिजे. आणि दुपारच्या भोंग्याला मी खिडकी लावतो, मग उद्या."

तानीकडं बगून मला वाटलं, उद्या कुणाचा.

मी पळत पार्वतव्वाकडं गेले. दुसरं कुटं जाणार? उभ्या जन्मात मला काच म्हंजे तिचंच घर ठावं. वसरीत फळीवर बाटल्या उलट्या मांडल्या हुत्या, ह्या भिताडापासनं त्या भिताडापर्यंत, उनात चमकत. त्यातल्या निम्म्या माज्या हाताच्या. मी अंगणात हुबी ऱ्हायले.

"अव्वा, येक बाटली द्या. ल्हान असली तरी चालंल. लेकीच्या औषदाला पायजे."

ती शेंगा पाकडत हुती. सूप थांबलं न्हाय. "कुटलं औषद?"

"सरकारी दवाखान्यातलं."

"शिवा शिवा. त्येच्यात दारू असती." सूप तसंच हालत हुतं. "ब्याड, नको. माज्या घरची बाटली दारूला लागायची न्हाय."

मला तवा राग आला न्हाय. येळ न्हवता रागाला. म्या तिला समजावून सांगाय लागले, येड्यासारकी. "अव्वा, तुमच्या फळीवरची ती लांब मानंची बाटली हाय न्हवं, ती हितं आली तवा तिच्यात दारूच हुती की. म्या वास घेतलाय."

पार्वतव्वानं सूप खाली ठेवलं. लेकराला शिकवावं तशी म्हणली, "तवा ती सायबाची हुती. आता ती माजी हाय."

दाराआडनं गौरव्वा येक पाऊल भायेर आली. तिच्या हातात येक बाटली हुती, ल्हान, पदराखाली धरलेली. सासूनं मान वळवून नुसतं बगितलं. गौरव्वा आत गेली. बाटली फळीवर ठेवल्याचा आवाज आला. काचंचा, ल्हानसा. त्यो आवाज मला अजून येतो.

नरसम्मा डोणीपाशी हुती. ती म्हणली, "अक्का, हितं नको हुबी ऱ्हाऊ. चाचाकडं जा."

बंगला लांब. तानी खांद्यावर, तिचं डोकं माज्या मानंला भाजत हुतं. मागल्या दारी हुसेनचाचा कांदं चिरत हुता. मी काय इचारायच्या आदीच त्येनं पोरीकडं बगितलं, सुरी टाकली. येक बाटली उचलली, तळाशी ऱ्हायलेली दारू मातीत वतली, दोन-तीनदा पाण्यानं खळबळली.

"ले बेटी, लेके जा. कायकू रोतीस?"

मी रडत न्हवते. पर त्येला तसं दिसलं असंल.

"कागज है उसपे," म्हणला. "वो तो तू निकालतीच है रोज."

माघारी आले तवा खिडकीफुडची माणसं कमी झाली हुती. कंपौंडरनं बाटली उजेडात धरली, आन् माघारी दिली.

"हा कागद काढ. यावर माझा कागद बसायचा नाही. आणि घरात कुणी दारू समजून प्यायलं, मग? जा, काढून आण."

"रातभर भिजाय लागतंय ओ दादा."

"मग उद्या ये."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. तानीला मांडीवर घेतलं. नखानं खरवडाय लागले, थुंकी लावून, रस्त्यावरची माती लावून. रोज करायची तेच काम. वरचा कागद फाटून यायचा, खालचा धरून ऱ्हायाचा. नखं आदीच गेलेली. तिकडं उन डोक्यावर आलेलं. भोंगा कवा बी झाला असता.

समूर येक चहाचं हाटील हुतं. टपरीच. त्येचा मालक मला बगत हुता. त्येनं आवाज दिला, "ओ बाय! काय करतीस ते? आन हिकडं."

माज्या हातनं बाटली घेतली आन् कपबशा बुचकळायच्या ऊन पाण्याच्या घमेल्यात सोडली. वाफ येत हुती. येक गिऱ्हाईक म्हणला, "आरं दारूची बाटली कपाच्या पाण्यात?" ह्यो म्हणला, "तुला चव लागली तर पैसं जादा घीन." आन् तेवड्यात, मी बगत हुते, कागद आपला आपण सुटला. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा. आख्खा. खालचा सरस बी पाण्यात इरगळून गेला. त्येनं फडक्यानं येकदा पुसलं. काच लखलखीत.

मी ती हातात धरून हुबी ऱ्हायले. बोटं फिरवली. चिकट न्हाय. कुटंच न्हाय.

"जा की!" त्यो वरडला. "बगतीस काय?"

कंपौंडरनं औषद भरलं, तांबडं, वासाचं. कागदाची पट्टी कातरीनं खाचा करून बाटलीवर चिकटवली. येका येळंला येक खाच. मी खिडकीपासनं वळले आन् भोंगा झाला.

ताप उतराय लई दिवस लागले, पर उतरला. येका कानानं तानीला कमी ऐकाय येतं, अजून बी. दुसऱ्यानं येतं. ती आता सोता आजी झालीया.

कामावर गेले तवा म्या पार्वतव्वाला सांगितलं. मला वाटलं, हिला ठावं न्हाय, बिचारीला. सांगितलं की आमचं हात तरी सुटतील. "अव्वा, ऊन पाण्यात घातली की कागद लगीच सुटतोय. सरस बी जातोय. भिजवाय नको, घासाय नको."

ती म्हणली, "मला ठावं हाय की."

नरसम्माचा हात डोणीत तसाच थांबला.

"ऊन पाण्यानं सरस वितळतोय," पार्वतव्वा म्हणली. "वितळला की पाण्यासंगं सगळ्या काचंवर पसरतोय. आख्खी बरणी बाटती. गार पाण्यात कसं, जितल्या तितं ऱ्हातोय. तेवडाच खरवडून काडायचा."

म्हंजे ह्या बाईला ठावं हुतं. आमची पेरं उलताना बगत हुती, रगात बगत हुती, आन् हिला ठावं हुतं. तिला लबाडी करायची असती तर मला परवडलं असतं. लबाड माणूस ध्यानात येतं, त्येच्याशी कसं वागायचं ते कळतं. ही लबाड न्हवती. हिला खरंच तसं वाटत हुतं. आतनं कोरं, काय न्हाय, वरनं चकचकीत, तिच्याच फळीवरच्या बाटलीवानी.

काम लगीच सोडलं न्हाय. सोडून काय खाणार? फुडं नरसम्मानंच मला तिच्या लोकांत कांड्या भरायच्या कामाला लावलं. सुताचं काम, कोरडं. बोटं हळूहळू भरून आली.

मग काय वरसं गेली. दुसरी लढाई अजून लागली न्हवती. येका दिवशी बाजारात गौरव्वा भेटली. तिच्या डोक्यावरचा पदर आता जरा मागं गेला हुता. म्हणली, "शेवंता, येऊन जा की गं. सासूबाई आंथरुणाला लागल्यात. दिसत न्हाय. रोज तुजं नाव घेत्यात."

"माजं? कशाला?"

"कापूस फिरवायला."

गेले. का गेले, मला ठावं न्हाय. बगाय गेले आसंल.

त्येच खोलीत, भिताडाला टेकून बसली हुती. इतकुशी झालेली. डोळ्यात सारं पांडरं. उशाला औषदाची बाटली, आत तांबडं पाणी. मी वास घेतला. त्योच वास. आता दारू चालत हुती तिला.

बाटलीवर कागद न्हवता. गौरव्वा म्हणली, "डाक्टर पट्टी लावून देतोय, खाचांची. ह्या रातीतनं नखानं खरवडून काडत्यात. सरस हाय म्हणत्यात. आता किती दिलं, किती ऱ्हायलं, मला कळंना. अंदाजानं देते. कवा जादा जातंय, कवा कमी."

पार्वतव्वानं माजा आवाज वळकला. कनवटीला हात घातला, पुंजका काडला. मळलेला, पिवळा. फुडं केला. त्या दिवशी पयल्यांदा तिचं बोट माज्या हाताला लागलं, तिला ते कळलं बी न्हाय.

"शेवंते, फिरव. ह्या पोरीवर माजा भरोसा न्हाय. सगळा गेलाय का बग."

म्या बाटली घेतली. कापूस फिरवला, हळू, तिनं शिकवलं तसा. जितं पट्टी हुती तितं नखाचं ओरखडं हुतं, आन् त्या ओरखड्यांत तंतू धरलं. येक न्हाय, लई. कापूस ओढला तर मागं ऱ्हायलं.

ती मान वर करून बसली हुती. गौरव्वा माज्याकडं बगत हुती, चिकट न्हाय म्हण, आसं डोळ्यानं सांगत हुती. तसं म्हणलं असतं तर म्हातारी निजली असती.

"अंटैति, अव्वा," मी म्हणलं. "कापूस खोटं बोलत न्हाय."

बाटली तिच्या हातात दिली. तिनं लगीच नख लावलं आन् खरवडाय लागली. मी उटले. अंगणात आले तरी त्यो आवाज येत हुता, खर्र खर्र. त्येच्यानंतर मी तिला बगितलं न्हाय. मला वाईट वाटलं का, म्हणून नात इचारती. न्हाय वाटलं.

आता ह्ये जे कुणी वाचत असाल त्येंना माजं येकच सांगणं हाय. घरात काचंची बाटली रिकामी झाली तर टाकू नका. ऊन पाण्यात घाला, कागद सुटंल, उनात वाळवा, आन् दारापाशी कुटंतरी ठेवा. कुणी मागाय आलं तर द्या. कशाला पायजे ते इचारू नका.